बेडकीची खांदशेकणी

गाडी घरी आली त्या दिवशी आईनं स्वयंपाकघराच्या दारातून डोकावून एकच प्रश्न विचारला, "बाकीची कुठं आहे?" तिचंही चूक नव्हतं. मोटार म्हणजे छप्पर, चार दारं आणि मागं ट्रंका ठेवायला जागा, अशी तिची कल्पना. ही जी पोपटी हिरवी वस्तू अंगणात उभी होती, तिला पुढं लांबच लांब नाक होतं, नाकाच्या दोन्ही बाजूंना वटारलेले दोन दिवे, त्यामागं दोन माणसं एकमेकांना चिकटून बसतील एवढी खोबण आणि तिच्या पाठीला लगेच सुटं चाक. छपराच्या नावानं एक दुमडलेलं मेणकापड. गावानं दुसऱ्या दिवशीच तिचं नाव बेडकी ठेवलं, आणि तिच्या चालण्याची रीत पाहता ते नाव कुणालाच बदलावंसं वाटलं नाही.

बाबा जनावरांचे डॉक्टर. सिंदेवाहीहून मूलकडं जाताना एका मोठ्या तलावाच्या पाळीखाली आमडीबोडी नावाचं गाव होतं, तिथल्या दवाखान्यात त्यांची नेमणूक होती आणि दवाखान्याला लागूनच आमचं घर. चांद्याकडच्या एका कोळसाखाणीचा इंग्रज मॅनेजर कायमचा मायदेशी निघाला होता. त्याच्या कुत्र्याला बाबांनी एकदा मरता मरता वाचवलं होतं. कुत्रं तो बोटीवरून घेऊन गेला आणि गाडी बाबांना परवडेल अशा भावात देऊन गेला. ती कुठल्या कंपनीची ते मी लिहीत नाही, कारण पुढं तिचं जे झालं त्यात कंपनीचा काही दोष नव्हता. विलायतेतल्या गुळगुळीत रस्त्यांवर शर्यती लावण्यासाठी कुणी तरी ती बनवली होती. धानाच्या मुलखात, बंड्यांच्या म्हणजे बैलगाड्यांच्या चाकोऱ्यांमधून, इंजिनात घालायला एरंडाच्या तेलाचा भाव विचारत हिंडावं लागेल असं तिच्या बनवणाऱ्याच्या स्वप्नातही आलं नसेल.

पहिली अडचण उंचीची. दोन चाकोऱ्यांच्या मधला उंचवटा तिच्या पोटाला लागायचा आणि वितीवितीला खरखर आवाज येऊन बाबांचा चेहरा असा व्हायचा की जणू त्यांच्याच पोटाला लागलं आहे. त्यांनी लोहाराकडून जुन्या लॉरीच्या पाट्यांतल्या दोन-दोन पाट्या कापून तिच्या स्प्रिंगांत घातल्या. पोटाखाली धानगिरणीतला जाड पत्रा ठोकला. बेडकी वीतभर उंच झाली आणि उभी राहिली की पाण्यातल्या बगळ्यासारखी दिसू लागली. मग नागपूरच्या जुन्या सामानाच्या बाजारातून त्यांनी तिच्यासाठी दुसरा कार्बोरेटर आणला. एकानं भागत असताना दुसरा कशाला, असं आईनं विचारलं तेव्हा ते म्हणाले, "माणसाले दोन नाकपुड्या काऊन असतात?" आई म्हणाली, "एक चोंदली तर दुसरी असावी म्हणून. म्हणजे तुम्ही चोंदायची तयारी करून राह्यले."

दोन्ही कार्बोरेटर सारखा श्वास घेतात की नाही हे बाबा स्टेथोस्कोपनं पाहत. सकाळी ज्या नळीनं म्हशीची छाती ऐकली, तीच संध्याकाळी बेडकीच्या नाकाला लावून डोळे मिटून बसत आणि बोटानं खूण करत. मी पान्यानं स्क्रू पाव फेरा फिरवत असे. जनावरांना औषध पाजायची मोठी पिचकारी गियरबॉक्समध्ये तेल भरायला. पेट्रोल गाळायला आईच्या मलमलच्या पातळाचा तुकडा, तो कोणत्या पातळाचा हे तिला पुढच्या सणाला कळायचं. रेडिएटर झिरपू लागला की त्यात दोन मुठी हळद. "जखमेले चालते तर इथी काऊन नाई चालणार?" असं ते म्हणत, आणि खरंच झिरपणं थांबत असे. हे सगळं आबाजी जवळ उकिडवा बसून पाहायचा. आबाजी म्हणजे दवाखान्याचा ड्रेसर, गावातलाच, अंगानं आडवा आणि स्वभावानं इतका सरळ की त्याला सांगितलेलं काम तो अर्थासकट गिळून टाकायचा. हळदीची गोष्ट त्यानं मनाशी नीट बांधून ठेवली होती.

आज माझ्या नातवाच्या गाडीत काही बिघडलं की एक पिवळा दिवा लागतो. मग तो फोन करतो, कुणी तरी येऊन गाडी घेऊन जातं. बिघाड काय होता हे त्याला कधी कळत नाही आणि कळावंसंही वाटत नाही. बाबांना तर नेमकं तेच कळायला हवं असायचं. त्या वर्षांत गुरांमधली बुळकांडीची साथ अधूनमधून जंगलाकडच्या गावांत उठायची. बाबा सायकलनं, बंडीनं, कधी पायी तिकडं जायचे आणि चार दिवसांनी परतायचे तेव्हा कुणी काही विचारलेलं त्यांना चालत नसे. हातपाय धुऊन, भात-कढी खाऊन ते थेट बेडकीखाली शिरत. एकदा तिथूनच, फक्त पाय दिसत असताना, ते मला म्हणाले, "शकू, जनावर मरून जाते पर काय दुखते ते सांगत नाई. ही सांगते. अन् सांगितल्यावर बरी होते." गाडी त्यांच्यासाठी काय होती हे मला त्या दिवशी समजलं. आईला समजायला आणखी थोडा वेळ लागला.

याचं कारण बैल. बेडकी जायची स्वतःच्या पायांनी आणि परत यायची बैलांच्या. आबाजीची जोडी पुढं, मध्ये दोर, मागं बेडकी. कुणी तरी चाक धरायला लागायचं, बाबा बैलांशी बोलत पायी चालत, म्हणून आत बसायचं ते आईनं. एका बाजाराच्या दिवशी ती वरात सिंदेवाहीच्या भर बाजारातून निघाली. झिंगे विकायला बसलेल्या एका बाईनं मोठ्यानं विचारलं, "वो डाक्टरीनबाई, नवी बंडी घेतली का जी? बसाले चांगली दिसते!" सगळी ओळ हसली. आई डोक्यावरचा पदर नीट करून समोर पाहत राहिली. घरी आल्यावर तिनं चहा ठेवला, बाबांसमोर कप ठेवला आणि म्हणाली, "पुन्हा एकदा जरी हिच्यापुढं बैल जुंपलेले दिसले, तर ही गाडी या घरात राहणार नाही. बापूसाहेबांना देऊन टाकायची." आई रागावली की भांडी आपटायची; त्या दिवशी कप आवाज न करता ठेवला होता. बाबांनी मान हलवून शब्द दिला.

बापूसाहेब म्हणजे गावचे मालगुजार. म्हणजे मालगुजारी गेली होती, मालगुजार उरले होते. कायद्यानं जमीन काढून घेतली तरी फेटा काढून घेता येत नाही, हे त्यांच्याकडं पाहून पटायचं. पोळ्याला त्यांच्या पांढऱ्या जोडीनं पहिल्यांदा तोरणाखालून जायचं, मग गावच्या, हा मान तेवढा शिल्लक होता आणि ते तो दुधासारखा जपत. बेडकी त्यांना मनापासून आवडली होती. एकदा ते दवाखान्यात आले, तिच्याभोवती काठी टेकत दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाले, "डॉक्टर, आमाले द्या हे. इंजिन-बिंजिन काढून टाकू, वजन कमी होते. पुढं माझी जोडी लावू. दसऱ्याले काय शोभते ते पाहाल." त्या रात्री बाबा जेवले नाहीत.

तेव्हा बाबांनी जो बेत केला तो डॉक्टरच करू जाणे. आमच्याकडं पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. राजा आला तरी नाही. म्हणजे वर्षात असा एकच दिवस, की ज्या दिवशी बेडकी बंद पडली तरी तिला बैल लावणं कुणालाच शक्य नव्हतं. त्या दिवशी आईला घेऊन मूलला मावशीकडं जायचं, पुरणपोळ्या द्यायच्या आणि पोळा फुटायच्या आत स्वतःच्या पायांनी परत यायचं. एकदा आई त्या खोबणीत बसून, दोर न बांधता, जाऊन आली की ती अट आपोआप सैल होईल, असा त्यांचा हिशेब. आईला बेताची आतली बाजू कळली नसेल असं मला वाटत नाही. ती एवढंच म्हणाली, "बंद पडली तर मी मूलहून पायी येणार नाही. तुम्ही या."

पोळ्याच्या आदल्या दिवशी बाबांनी चारही चाकं काढली आणि ब्रेकला नवे लायनर, म्हणजे घासून चाक थांबवणारे पट्टे, बसवले. बेडकीला ब्रेक असे कधी नव्हतेच. ती थांबायची ती बहुधा बंद पडून. त्याच दिवशी गावात खांदशेकणी चालली होती. वर्षभर ज्या खांद्यावर जू बसलं त्याला लोणी-हळद चोळायची, पळसाच्या पानानं शेक द्यायचा आणि बैलाच्या कानाशी जाऊन उद्याच्या जेवणाचं निमंत्रण करायचं. आबाजी आपल्या बैलांचं उरकून दवाखान्यात आला होता.

"डाक्टरभाऊ, बैलाचा भार खांद्यावर. हिचा भार कायवर हाये जी?"

बाबांचं डोकं चाकाच्या पोकळीत होतं. "उतारावर म्हणशील तर सारा याच्यावर," ते लायनरवर बोट ठोकून म्हणाले. "यानं धरलं तर माणूस वाचला."

"चारी चाकाले हेच?"

"चारी चाकाले हेच."

इतक्यात शेजारच्या टोल्यावरून, म्हणजे वस्तीवरून, माणूस धावत आला. गाय अडली होती. बाबांनी पिशवी उचलली. "आबाजी, ड्रम बसवून चाकं चढवून ठेव. बोल्ट घट्ट कर," असं सांगून ते गेले. आबाजी स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन आईकडं वाटी घेऊन उभा राहिला. "बाई, लोनी द्या जी थोडं. अन् हळद." आई पुरणाच्या गडबडीत होती. तिनं वाटी भरून दिली. आबाजीकडं स्वतःच्या गाई होत्या, लोणी होतं, मग हे कशाला, एवढं विचारायची सवड त्या दिवशी घरात कुणालाच नव्हती. मी वेलची कुटत होते. अंगणातून आबाजीचा आवाज ऐकू आला, अगदी हळू, कुणाच्या तरी कानात बोलावं तसा: "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मग थोडी शांतता, आणि पुन्हा तेच. असं चार ठिकाणाहून.

सकाळी आम्ही निघालो. पावसानं आठवडाभर उघडीप दिली होती आणि मुरमाचा रस्ता चांगला घट्ट झाला होता. बाबा चाकावर, शेजारी नव्या पातळात आई, आणि दोघांच्या पाठीमागं, दुमडलेल्या मेणकापडावर अंग चोरून, पुरणपोळ्यांचा डबा मांडीवर घेऊन मी. ब्रेक मऊ लागत होते. "नवे लायनर बसाले वेळ घेतात," बाबा म्हणाले आणि गियरवर वेग कमी करत राहिले. दोन मैल गेल्यावर आई मागं वळून म्हणाली, "शकू, डबा नीट धर, तूप सांडतंय. वास येऊन राह्यला." मी डबा पाहिला, कोरडा होता. जसजसे पुढं जात होतो तसा लोणी कढवल्याचा वास वाढत चालला होता, आणि रस्त्यातल्या प्रत्येक गावातली कुत्री आमच्यामागं नेहमीपेक्षा जास्त निष्ठेनं धावत होती. मावशीच्या दाराशी बेडकी थांबली ती तिच्या गोठ्याच्या कुडाला नाक टेकून. मावशी बाहेर येऊन म्हणाली, "अगबाई, काय छान वास येतो! काय आणलं?"

परत येताना सागाच्या जंगलातून दोन-अडीच मैल रस्ता अगदी सरळ आहे. बाबांनी आईकडं एकदा पाहिलं आणि पाय दाबला. दोन्ही नाकपुड्या एकदम उघडल्या. बेडकीचा तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते. खोकल्यासारखा नेहमीचा नव्हे, एकसंध, भरदार, शंखासारखा. दोन्ही बाजूंची झाडं एकमेकांत मिसळली. आईचा पदर डोक्यावरून उडाला. तिनं तो पकडायला हात वर केला, आणि मग हात तसाच खाली घेतला. सरळ रस्ता संपत आला तसा बाबांनी वेग कमी केला. आई समोरच पाहत होती. एकच शब्द बोलली, "अजून."

आबाजीच्या लोण्याचा खरा प्रताप त्यानंतर दिसला. आमडीबोडीत शिरायचं म्हणजे तलावाच्या पाळीवरून उतारानं थेट आखरावर यायचं. आखर म्हणजे गावाबाहेरची गुरं जमायची मोकळी जागा, पोळा तिथंच भरायचा. आम्ही पाळीवर आलो तेव्हा खाली सगळं गाव उभं होतं. एका बाजूला रंगवलेल्या शिंगांच्या जोड्यांची ओळ, पुढं आंब्याच्या पानांचं तोरण, आणि तोरणाकडं जाणारी वाट बापूसाहेबांसाठी मोकळी ठेवलेली. तिच्यावर त्यांनी यंदा सतरंजीही अंथरली होती. ते सतरंजीच्या टोकाला उभं राहून भाषण करत होते, कारण मान मिळाला की भाषण करावं लागतं. बाबांनी ब्रेक दाबला. पाय तळाला लागला, बेडकीला काही कळलं नाही. हातब्रेक ओढला, तोही त्याच लायनरवर चालायचा. दुसरा गियर टाकला, तो आपल्या जुन्या खोडीप्रमाणं उसळून बाहेर आला. "शकू, धर!" बाबा ओरडले आणि भोंग्यावर हात ठेवला तो काढलाच नाही.

आई उभी राहिली. एक हात काचेच्या चौकटीवर, दुसरा हवेत. मी तिला इतक्या मोठ्यानं बोलताना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. "सरका! अहो बापूसाहेब, सरका!"

बापूसाहेब सरकले. त्यांचं वय पाहता फारच चपळाईनं सरकले. माणसं दुभंगली, वाट मोकळीच होती, आणि बेडकी सतरंजीवरून, मानाच्या पांढऱ्या जोडीच्या डोळ्यांदेखत, तोरण छातीवर घेऊन पलीकडं गेली. तोरण तुटलं की पोळा फुटतो. ते कुणी तोडलं हे बैलांना विचारायची गरज वाटली नाही. सगळ्या जोड्या एकदम घराकडं उधळल्या, पोरं मागं, घुंगरांचा नुसता कल्लोळ. बेडकी मात्र वळणावर वळली नाही. सरळ बांध चढून धानाच्या बांधीत, म्हणजे पाण्यानं भरलेल्या खाचरात, उतरली, गुडघाभर चिखलात शिरली आणि आयुष्यात पहिल्यांदाच ठरल्यासारखी जागच्या जागी थांबली.

कुणाला खरचटलंही नव्हतं. गावातला झडत्या, म्हणजे पोळ्याची कवनं, म्हणणारा म्हातारा बांधावर येऊन उभा राहिला, कानावर हात ठेवला आणि तिथंच जुळवून म्हणाला,

"बैल खाते ढेप, मोटर पेते तेल,
बिनकासऱ्याची गाडी कोन धरेल?"

"हर बोला हर हर महादेव!" गाव ओरडलं आणि हसत सुटलं. हसले नाहीत ते दोघंच. बाबा चाकाजवळ वाकले होते. त्यांनी ड्रमच्या फटीतून ओघळलेलं काही तरी बोटावर घेतलं, वास घेतला. बोट पिवळं झालं होतं. त्यांनी आबाजीकडं पाहिलं.

"काल खांदा शेकला जी," आबाजी म्हणाला. "तुमीच दाखवला होता."

बाबांनी ते बोट रुमालाला पुसलं. "हो," ते म्हणाले. "मीच दाखवला."

दुसरे न हसणारे बापूसाहेब. ते बांधापर्यंत आले, फेटा सारखा केला. मानाला धक्का लागला होता, पण वाट पाहायची त्यांना सवय होती आणि आईची अट आबाजीमुळं गावभर झाली होती. "डॉक्टर, आज तं बैल जुपता येत नाई," ते सावकाश म्हणाले. "उद्या सकाळीच माझी जोडी पाठवतो. बाहेर काढून सरळ माझ्याच अंगणात आणतील. तुमाले तसदी नको." बाबांनी आईकडं पाहिलं नाही. शब्द दिलेला होता, आणि दिलेल्या शब्दाशी वाद घालणाऱ्यांतले ते नव्हते. त्यांनी बेडकीच्या नाकावर एकदा हात ठेवला, आजारी जनावराच्या ठेवत तसा.

आई अजून आतच उभी होती. ती दार उघडायला गेली, दार चिखलात अडकलं होतं. तेव्हा तिनं नव्या पातळाचा ओचा खोचला आणि दारावरून पाय टाकून बांधीत उतरली. गुडघ्यापर्यंत चिखल. बेडकीच्या मागं जाऊन तिनं सुट्या चाकाला दोन्ही हात लावले.

"उद्या बैल मोकळे होतील," ती म्हणाली. "आज काढा."

कुणी हललं नाही. डॉक्टरीनबाई चिखलात उभी आहे हे पचायला वेळ लागत होता. ती पुन्हा म्हणाली, "पाहता काय? सण आहे. घरी पुरण निवून राह्यलं."

पहिला आबाजी उतरला. तोरणाचा जाड दोर बेडकीच्या पुढच्या आसाला बांधून त्यानं दुसरं टोक स्वतःच्या खांद्यावर घेतलं, आणि मग बांधावरचे सगळेच खाली आले. झिंगेवालीची ती बाजारातली थट्टा ज्यांनी तिखटमीठ लावून सांगितली होती तेही आले. कुणी फांद्या टाकल्या, कुणी पेंढा. बाबांनी हँडल फिरवलं, दोन्ही नाकपुड्यांतून चिखल फुरफुरला आणि बेडकी जागी झाली. आम्ही ढकलत होतो, ती चिखल उडवत होती, आबाजी बैलासारखा मान खाली घालून ओढत होता. बापूसाहेब बांधावर काठी टेकून उभे होते. अर्धी सुटली असताना पुन्हा घसरू लागली तेव्हा ते स्वतःशीच काही पुटपुटले आणि त्यांनी सतरंजीची घडी आणवून चाकाखाली टाकायला लावली. हे त्यांनी का केलं ते मला आजवर कळलेलं नाही. कदाचित सतरंजी तशीही वाया गेली होती.

दिवस मावळता मावळता बेडकी स्वतःच्या पायांनी अंगणात आली. काचेच्या चौकटीला आंब्याची चार पानं अजून अडकलेली होती. पोळ्याहून आलेल्या बैलांचे पाय घरच्या बाईनं धुवायचे असतात. आई स्वतः केसांपर्यंत चिखलानं भरलेली, पण आत गेली ती आधी तांब्या घेऊन बाहेर आली आणि तिनं चारही चाकांवर पाणी घातलं. बाबा पायरीवर बसून पाहत होते. काही बोलले असते तर ती थांबली असती, म्हणून बोलले नाहीत.

मग तिनं आबाजीला पानावर बसवलं. बसताना त्याचा सदरा ओढला गेला तेव्हा खांद्यावर दोराचा लाल वळ उठलेला दिसला. आई आत गेली, कालची वाटी पुसून तिच्यात पुन्हा लोणी घेतलं, चिमूटभर हळद टाकली आणि वाटी त्याच्या पानाशेजारी ठेवली.

"हे घे," ती म्हणाली. "आणि आज जिथं लावायचं तिथं लाव."